पॉइंटरजवळचा ठिपका

“ती नीट बघत नाही, एवढाच प्रश्न आहे,” नकाशेकाका म्हणाले आणि त्यांनी मॅनेजरच्या टेबलावर सहा कागद ओळीने मांडले. “सहा वेळा मी प्रोग्राममधला हा बग तिच्याकडे पाठवला. सहाही वेळा तिने एकच वाक्य लिहून परत केला. ‘तपासले. ठिपके दिसतात.’ अहो, दिसतात कसे? मी रोज गायब होताना बघतोय ना.”

मॅनेजर काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होता आणि त्यांना जरा वचकूनच असायचा. “पण काका, ती तशी काटेकोर आहे. ऑफिसात तिला चिमटा म्हणतात ते काय उगाच?”

“होती काटेकोर. हल्ली लक्ष कुठे असतं देव जाणे.”

“मग मी काय करू म्हणता?”

“ते मी कोण सांगणार? मी आपलं एवढंच म्हणतो, असल्या तपासणीखाली मी माझं नाव घालणार नाही.”

प्रोग्राम तपासणाऱ्या दोन टेस्टर होत्या आणि महिनाअखेरीला त्यांतल्या एकीचं कंत्राट बंद करायचं, असं वरून आलेलं होतं. कोणाचं, हे मॅनेजरला ठरवता येत नव्हतं, ते काकांनी परस्पर सोपं करून टाकलं. काकांना हे तेव्हा ठाऊक होतं का? अर्धवट ठाऊक होतं. पूर्ण ठाऊक करून घ्यायचं त्यांनी टाळलं, असं म्हणणं जास्त खरं.

नकाशेकाकांचं काम एकच, आणि ते गेली एकोणीस वर्षं चालू होतं. नकाशावर रेघा काढायच्या. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये त्यांचा प्रोग्राम चालायचा. खाली रस्त्यांचा तयार नकाशा, बाहेरून विकत आणलेला. त्याच्यावर काचेसारखा एक पारदर्शक थर, आणि त्या थरावर काकांनी काढलेल्या निळ्या रेघा म्हणजे जमिनीखालचे पाइप, लाल ठिपके म्हणजे व्हॉल्व्ह. कुठे पाइप फुटला की ड्युटीवरचा माणूस पॉइंटर त्या पाइपवर न्यायचा, जवळचा ठिपका बघायचा आणि फोनवर सांगायचा, अमुक नंबरचा व्हॉल्व्ह बंद करा. जवळचा ठिपका दिसला नाही तर पलीकडचा व्हॉल्व्ह बंद होणार आणि भलत्याच गल्लीचं, नाहीतर एखाद्या हॉस्पिटलचं पाणी जाणार. त्यामुळे ठिपक्यांच्या बाबतीत काका फार हळवे होते. त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, मी केस कापून आले तर ह्यांना महिनाभर कळत नाही, पण नकाशावरचा ठिपका हलला की ह्यांचं जेवणावरून मन उडतं.

या प्रकरणाची सुरुवात एका खऱ्याखुऱ्या बगने झाली होती. नकाशा माउसने धरून ओढला की काकांच्या रेघा जागच्या जागी राहायच्या. रस्ते पुढे निघून जायचे आणि पाइप मागे लटकत राहायचे. कंट्रोल रूमवाल्यांनी बोंब मारली. काकांनी दोन दिवसांत कारण शोधलं. रेघांच्या जागा त्यांनी स्क्रीनच्या मापात लक्षात ठेवल्या होत्या, जमिनीच्या मापात ठेवायला हव्या होत्या. नकाशा सरकला याचा रेघांना पत्ताच लागत नव्हता. त्यांनी ते दुरुस्त केलं, समाधानाने चहा मागवला, आणि चहा पिता पिता पॉइंटर एका पाइपवर नेला तर त्याच्या डावीकडे खाली जो ठिपका असायला हवा, तो नव्हता.

पॉइंटर हलवला, ठिपका आला. पॉइंटर परत नेला, ठिपका गेला. दुसऱ्या पाइपवरही तेच. पॉइंटर जाईल तिथे त्याच्या डाव्या अंगाला एक ठिपका खाल्ला जायचा.

काकांनी लगेच ओळखलं, चोर घरातलाच आहे. फार पूर्वी वेळ वाचवण्यासाठी त्यांनी एक शक्कल लढवली होती. पॉइंटर हलला की सगळा नकाशा पुन्हा रंगवायचा नाही, फक्त पॉइंटरभोवतीचा छोटा चौकोन रंगवायचा. आणि ठिपके नाहीसे होत होते ते नेमके त्याच चौकोनात. त्यांनी शक्कल काढून टाकली, सगळा नकाशा दर वेळी नव्याने रंगवायला लावला. ठिपके तरीही गेले. मग त्यांनी पडद्याआड आधी पूर्ण चित्र तयार करून ते एकदम दाखवायची सोय केली. ठिपके गेले. मॉनिटर बदलला, केबल बदलली, शेजारच्याचा कॉम्प्युटर मागून घेतला. प्रत्येक ठिपका काढला की तशी नोंद लिहायला प्रोग्रामला सांगितलं. नोंदीत एका विभागाचे एक्केचाळीस ठिपके काढलेले होते आणि काका पॉइंटरवर नजर ठेवून मोजत तेव्हा कधी अडतीस भरत, कधी एकोणचाळीस. स्क्रीनचा फोटो काढून त्यात एकेक ठिपका न्याहाळला, तर फोटोत सगळे हजर. म्हणजे तो क्षणभरच जातो, काकांनी निष्कर्ष काढला. आणि क्षणभर जाणारा बग सगळ्यात वाईट.

चिमटा एकदा स्वतः उठून त्यांच्या टेबलाशी आली होती. “दाखवा बरं, काका.”

“हे बघ. हा पॉइंटर. आता डावीकडे खाली काय आहे?”

“ठिपका आहे.”

“नाहीये.”

“अहो, हा काय.” तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. काकांनी बोटाकडे पाहिलं. बोटाखाली ठिपका होता.

“बोट लावल्यावर येतोच तो. लावायच्या आधी नसतो.”

“काका, माझं बोट कॉम्प्युटरला कळतं का?”

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. काका चिडले तेव्हा ती हळूच म्हणाली, “काय करू, माझ्याकडे तर नीट दिसतंय.” यावर तर अख्खी खोली हसली. कारण हे वाक्य काकांचं होतं. कोणीही काही तक्रार घेऊन आलं की एकोणीस वर्षं त्यांनी हेच ऐकवलं होतं. त्या हसण्याचा राग काकांनी मनात धरला आणि आठवड्याने ते सहा कागद घेऊन मॅनेजरकडे गेले. त्यांना स्वतःला मात्र आपण फक्त कामापुरतं बोललो असंच वाटत होतं.

चिमट्याला शुक्रवारी पत्र मिळालं. पुढचा शुक्रवार शेवटचा. संध्याकाळी निघताना ती काकांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

“तुम्ही सांगितलंत ना?”

“मी कामाबद्दल सांगितलं,” काका स्क्रीनकडे बघत म्हणाले.

“घरात मी एकटी कमावते. हे तुम्हाला माहीत होतं.”

काकांना माहीत होतं. तिच्या नवऱ्याची पाठ दुखावल्यापासून तो घरीच असतो, हे तिने काकांनाच सगळ्यात आधी सांगितलं होतं. त्यांनी काहीतरी पुटपुटत माउस हलवला. ती निघून गेली.

रविवारी दुपारी काकांनी नकाशाची मोठी कागदी प्रत जेवणाच्या टेबलावर अंथरली. बेत असा, की कागदावरच्या सगळ्या ठिपक्यांची यादी करायची आणि सोमवारी स्क्रीनवर एकेकाला गाठायचं. पेन्सिलीचं टोक निळ्या रेघेवरून चालवत ते निघाले. एका चौकाशी पेन्सिल थांबली. डावीकडे खाली ठिपका नव्हता.

पहिल्यांदा त्यांना आनंद झाला, अगदी खरा आनंद. सापडला, असं वाटलं. पेन्सिल तसूभर न हलवता ते बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की हा कागद आहे. कागद पुन्हा रंगवला जात नाही. कागदाला पॉइंटर कुठे आहे ते कळत नाही.

“अगं, जरा इकडे ये.”

बायको हात पुसत आली. “काय सांडलंत?”

“या पेन्सिलीच्या टोकाजवळ बघ. डावीकडे, जरा खाली. काय आहे?”

“लाल ठिपका.”

“नक्की?”

“अहो, मसुराएवढा ठिपका. न दिसायला काय झालं?”

काकांनी डावा डोळा हाताने झाकला आणि पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं. मग उजवा झाकला. बिघाड कुठे आहे ते शोधताना एकेक भाग बंद करून बघायचा, ही जन्माची सवय. दोन्ही वेळा ठिपका नव्हता. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, सरळ त्या जागेकडे पाहिलं, आणि तिथे लालभडक, गोल, त्यांनीच काढलेला ठिपका होता.

“मी त्या पोरीची नोकरी घालवली,” ते म्हणाले.

“कोणत्या पोरीची?” बायकोने विचारलं. गेल्या काही महिन्यांत फुटलेले कप, जिन्यात चुकलेली पायरी, पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर जाणारी धार, हे सगळं तिला एकदम आठवलं असावं. ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, “उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. मी येते.”

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीची खोली काळोखी होती. काकांची हनुवटी एका पट्टीवर टेकवली, एक डोळा झाकला आणि समोर पांढऱ्या गोलाकार पडद्याच्या मधोमध एक बारीक दिवा दाखवला. “या दिव्यावरून नजर काढायची नाही. आजूबाजूला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं,” यंत्रावरची बाई म्हणाली.

ठिपके यायला लागले. काका दाबत गेले. मधूनच यंत्राचा खट् असा बारीक आवाज यायचा आणि ठिपका काही दिसायचा नाही. आवाज आला म्हणजे ठिपका आला असणार, हे न कळायला काका काही आज कामाला लागले नव्हते. मिनिटभरात त्यांनी यंत्राची लय ओळखली. मग ते लयीवर दाबायला लागले. दिसला तरी दाबायचं, नाही दिसला तरी दाबायचं. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं आणि थांबवत नव्हतं. जणू यंत्राला फसवलं की डोळा बरा होणार होता.

बाईने दिवा लावला. “काका, ठिपका नसतानाही तुम्ही दाबताय. मशीन मधेमधे मुद्दाम नुसताच आवाज करतं. माणूस खरं सांगतोय का ते बघायला.”

काकांना शाळेतल्या मुलासारखी शरम वाटली. हे यंत्र त्यांनी स्वतः बनवलं असतं, तर ही सोय त्यांनीही ठेवली असती. “पुन्हा करू,” ते म्हणाले. दुसऱ्या वेळी ते प्रामाणिक राहिले, आणि किती वेळ नुसता आवाज येतो आणि काहीच दिसत नाही, ते ऐकत राहिले. बाहेरच्या बाकावर बायको दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. त्यावर दोन गोल होते, डाव्या डोळ्याचा आणि उजव्या डोळ्याचा. काही भाग पांढरा, काही करडा, आणि दोन्हींत मध्याच्या खाली डावीकडे ठार काळा.

“हे काय आहे ते तुम्हाला समजावून सांगते,” त्या म्हणाल्या.

“नकाशा आहे,” काका म्हणाले. “मला वाचता येतो.”

काचबिंदू होता आणि तो बराच पुढे गेला होता. घरात आणखी कोणाला होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काकांना वडील आठवले. शेवटची काही वर्षं ते दाराच्या चौकटीला धडकायचे आणि घरातले सगळे त्यांना वेंधळे म्हणायचे. काकाही म्हणायचे.

“गेलेली नजर परत येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “थेंब लिहून देते. उरलीय ती टिकवायचा प्रयत्न करू. पण इतक्या बारीक कामाचं आता अवघड आहे. दुसरं काहीतरी बघा.”

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी दुसरं काय बघायचं, आणि कशाने, हे त्यांनी सांगितलं नाही. रस्त्यात बायकोने काकांचा दंड धरला होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

मंगळवारी काका मॅनेजरसमोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मॅनेजरने उठून दार लावलं.

“हे अजून कोणाला बोललात?”

“बायकोला.”

“मग मलाही नाही बोललात, असं धरून चालू. लिहून टाका, बग आता येत नाही. विषय संपला. तुमची सहा वर्षं राहिलीत काका, ती मी सांभाळून घेईन. बारीक काम दुसऱ्याला देऊ.”

“आणि तिचं काय?”

“तिचं पत्र गेलं. वरून सही होऊन गेलं. आता मी ते परत मागितलं तर विचारणार, आधी का दिलंस? ती राहणार नाही, मी लिहून देतो. तुम्ही खरं सांगून फक्त तुम्ही जाल.”

काकांनी त्या बोलण्यात चूक शोधली. एकही सापडली नाही. मॅनेजर काही वाईट माणूस नव्हता आणि म्हणत होता ते अगदी बरोबर होतं. काकांना भीती वाटत होती. घरी दिवसभर बसून राहायची, चहाचा कप चाचपडत शोधायची, बायकोच्या आवाजात हळूहळू येणाऱ्या कंटाळ्याची. ते जागेवर आले आणि तासभर बसून राहिले. मग त्यांनी बगांची यादी उघडली. ‘कारण’ असं लिहिलेल्या चौकटीत ते एकेक अक्षर नीट बघून टाइप करत गेले.

‘नकाशा बरोबर आहे. रेघा आणि ठिपके बरोबर आहेत. मला काचबिंदू झाला आहे, त्यामुळे पॉइंटरकडे पाहताना जवळचे ठिपके मला दिसत नाहीत. टेस्टरने सहाही वेळा केलेली तपासणी अचूक होती. तिच्याविरुद्ध मी केलेली तक्रार चुकीची होती.’

त्यांनी बटण दाबलं. या यादीत काही लिहिलं की ते तीसेक लोकांना आपोआप जायचं, वरच्या साहेबांनाही. खोलीत एकामागून एक माना वर झाल्या आणि एकामागून एक खाली गेल्या. दुपारी काकांना वर बोलावणं आलं. साहेब सहानुभूतीने बोलले, पाणी दिलं, आणि पुढच्या महिनाअखेरपर्यंत काम दुसऱ्याच्या हाती सोपवा म्हणाले. टेस्टरच्या पत्राबद्दल काकांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “तो आता वेगळा विषय आहे.” मॅनेजर म्हणाला होता तस्संच झालं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. चिमटा काकांकडे फिरकली नाही. आपण लिहिलेलं तिने वाचलं की नाही, हे विचारायचा धीर काकांना झाला नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असताना ती हातात एक यादी घेऊन आली. शेजारची खुर्ची ओढून बसली.

“प्रोग्राम सोमवारी पाण्यावाल्यांना द्यायचाय. यादीवर दोन नावं लागतात. तुमचं आणि टेस्टरचं.”

“दुसरी आहे ना. सोमवारी ती करेल. तू तुझा शेवटचा दिवस कशाला…”

“सहा वेळा मी केलंय. सातव्यांदा दुसरीने का करायचं?” तिने यादी त्यांच्यासमोर ठेवली. “आणि काका, मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही.”

“नको करूस.”

“थेंब घालता का वेळेवर?”

“ही घालते.”

“बरं. चला, सुरू करा.”

यादीत त्याच विभागाचे एक्केचाळीस व्हॉल्व्ह होते. तपासायची रीत ठरलेली होती. पॉइंटर पाइपवर न्यायचा, ड्युटीवरचा माणूस बघतो तसं पॉइंटरकडेच बघायचं, आणि जवळचा ठिपका आहे की नाही ते लिहायचं. पॉइंटर काका नेत होते. ती म्हणायची, “आहे.” काका नंबर शोधून खूण करायचे. आपण स्वतः न पाहता कागदावर खूण करायची वेळ त्यांच्यावर एवढ्या वर्षांत आली नव्हती. दहा झाले, वीस झाले. काकांनी नकाशा ओढला, रेघा रस्त्यांबरोबर अलगद सरकल्या, कुठेही मागे राहिल्या नाहीत. इतकं नेटकं काम आपल्या हातून पूर्वी झालं नव्हतं, हे त्यांना जाणवलं.

“पुढे,” ती म्हणाली.

काकांनी पॉइंटर पुढच्या चौकावर नेला आणि ते थांबले.

“आहे, काका.”

“मी विचारलं नाही.”

“थांबलात म्हणून सांगितलं.”

पॉइंटरच्या डावीकडे खाली काकांना स्वच्छ, रिकामा रस्ता दिसत होता. नजर जरा खाली नेली असती तर ठिपका दिसला असता. त्यांनी नेली नाही. यादीत व्हॉल्व्हचा नंबर शोधला आणि त्याच्यासमोर लिहिलं, ‘दिसतो.’